एचएस-सीआरपी वाढले आहे, आता काय करावे? जुनाट दाहाविषयी सविस्तर उत्तर

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय ४४ आहे, गेल्या सात-आठ महिन्यांपासून थकवा जात नाही, सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे आखडलेले असतात आणि गेल्या तीन-चार वर्षांत कंबरेचा घेर बराच वाढला आहे. आरोग्य तपासणीत एचएस-सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा आकडा ६.२ आला, तेव्हा एका सल्लागाराने ‘तुमच्या शरीरात क्रॉनिक इन्फ्लमेशन’ म्हणजे जुनाट दाह ‘आहे’ असे सांगून दाहविरोधी आहार आणि चार प्रकारच्या कॅप्सूल सुचवल्या. ग्लुटेन (गव्हासारख्या धान्यांतले प्रथिन) आणि दुग्धजन्य पदार्थ सोडून सहा आठवडे झाले, तरी काही फरक जाणवत नाही. हा दाह कमी कसा करावा, आणि तो कधी पूर्णपणे जाईल का, असे तुम्ही विचारता.

मी संधिवात आणि इतर दाहजन्य आजारांवर उपचार करणारी डॉक्टर आहे आणि हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला सतत ऐकायला मिळतो. दाह कमी कसा करावा हे ठरवण्याआधी तो कुठून येतो आहे हे शोधावे लागते, आणि तुमच्या हकिकतीत हा शोध कुणी घेतलेला दिसत नाही. ‘शरीरात दाह आहे’ एवढ्यावर निदान पूर्ण होत नाही, तिथून निदानाचा शोध सुरू होतो. उगमाप्रमाणे उपचार इतके बदलतात की एका रुग्णासाठी अत्यावश्यक असलेले औषध दुसऱ्यासाठी निव्वळ धोका ठरते. तुम्हाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय मी निदान करू शकत नाही आणि तसे करणे योग्यही होणार नाही. परंतु अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाबाबत मी कोणत्या क्रमाने विचार करते आणि का, हे सविस्तर सांगते.

प्रथम मुळात घडते काय, ते पाहू. लालसरपणा, उष्णता, सूज आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्ससने नोंदवून ठेवली आहेत. जखम झाली किंवा जंतू शिरला की तिथल्या पेशी सायटोकाइन नावाची संदेशवाहक प्रथिने सोडतात, लहान रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून पाझर वाढतो आणि पांढऱ्या पेशी त्या जागी गोळा होतात. ही प्रक्रिया नसती, तर साधी जखमही भरून आली नसती. काम संपल्यावर दाह आपोआप विझत जातो असे पूर्वी मानले जाई. आता हे स्पष्ट झाले आहे की दाह मिटवणे हीसुद्धा शरीराची एक सक्रिय प्रक्रिया आहे आणि तिच्यासाठी लायपॉक्सिन, रिझॉल्व्हिन यांसारखी स्वतंत्र रसायने शरीर तयार करते. हे मिटवणे पूर्ण होत नाही तेव्हा दाह जुनाट होतो.

तो पूर्ण का होत नाही, याची कारणे ढोबळपणे तीन असतात. एक म्हणजे चिथावणी देणारी गोष्ट जागेवरून हलतच नाही. उदाहरणार्थ, हिरड्यांच्या खोबणीतले जिवाणू, तंबाखूचा धूर किंवा दबा धरून बसलेला संसर्ग. दुसरे म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच ऊतींना परके समजते. आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस), त्वचा, सांधे आणि इतर अवयवांवर परिणाम करणारा ल्यूपस, आतड्यांचे दाहजन्य विकार हे या गटातले. तिसरे कारण सर्वांत उशिरा ध्यानात आले, आणि ते म्हणजे पोटातील अवयवांभोवतीची चरबी. चरबी हा केवळ साठा आहे अशी समजूत होती; १९९३ साली गोखान होतामिसलिगिल आणि सहकाऱ्यांनी स्थूल उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हा दाहकारक रेणू तयार होतो आणि तो इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतो, हे दाखवून दिले. तेव्हापासून मधुमेह, यकृतातील चरबी आणि हृदयविकार यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

या तिसऱ्या प्रकारचा दाह मंद असतो. त्यात सांधा सुजत नाही, ताप येत नाही, आणि अनेकदा माणसाला काहीही जाणवत नाही. मात्र वर्षानुवर्षे तो रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करत राहतो. हा संबंध केवळ योगायोगाचा नाही, याचा सबळ पुरावा २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कँटोस या चाचणीतून मिळाला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि एचएस-सीआरपी २ किंवा त्याहून अधिक असलेल्या दहा हजारांहून जास्त रुग्णांचा तीत समावेश होता. कॅनाकिनुमॅब हे औषध इंटरल्यूकिन-१ बीटा या एकाच दाहकारक रेणूला अडवते आणि कोलेस्टेरॉलला जवळजवळ हात लावत नाही. तरीही १५० मिलिग्रॅमच्या मात्रेत नवा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. त्याच चाचणीत औषध घेणाऱ्यांमध्ये प्राणघातक संसर्गाचे प्रमाण मात्र वाढले आणि एकूण मृत्युदरात फरक पडला नाही. माझ्या मते या निकालाचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. दाह सरसकट दाबला की शरीराचे संरक्षणही दाबले जाते, म्हणून ‘दाहविरोधी’ हा शब्द ऐकून लगेच आश्वस्त होऊ नये.

आता तुमच्या ६.२ या आकड्याकडे वळते. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन म्हणजे सीआरपी (एचएस-सीआरपी ही त्याचीच अधिक संवेदनशील चाचणी) हे प्रथिन १९३० साली विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांनी न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात शोधले. प्रामुख्याने इंटरल्यूकिन-६ च्या संदेशावरून यकृत ते तयार करते. कारण संपले की त्याची रक्तातली पातळी झपाट्याने उतरते, कारण दर १९ तासांच्या आसपास ते निम्मे होते. तापमापक जसा ताप आहे एवढेच सांगतो, तो कशाचा आहे ते सांगत नाही, तसे या चाचणीचे आहे. हृदयविकाराच्या जोखमीचा अंदाज घेताना लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे कमी जोखीम, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त, असे टप्पे मानले जातात. आकडा १० च्या वर गेला तर आधी एखादा ताजा संसर्ग किंवा इजा शोधावी आणि त्या आकड्यावरून हृदयाविषयी निष्कर्ष काढू नये.

इथे एक व्यावहारिक गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळे होणारा गोंधळ मी वारंवार पाहते. काही प्रयोगशाळा सीआरपी लिटरमागे मिलिग्रॅममध्ये देतात, तर काही डेसिलिटरमागे. डेसिलिटरमधला ०.६२ आणि लिटरमधला ६.२ हा एकच आकडा आहे. तुमच्या अहवालात ६.२ डेसिलिटरमागे असेल, तर तो प्रत्यक्षात ६२ होतो आणि सगळे चित्र बदलते. तेव्हा पुढचे काहीही वाचण्याआधी अहवालावरचे एकक पाहा. मी इथे ते लिटरमागे आहे असे धरून चालते.

लिटरमागे ६.२ हा आकडा एकदाच आला असेल, तर मी त्यावर विसंबत नाही. सर्दी-खोकला होऊन गेलेला असणे, दाताच्या मुळाशी गळू, नुकतीच घेतलेली लस, आदल्या दिवशीचा सवयीपेक्षा जास्त व्यायाम किंवा इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या, यांपैकी कशानेही तो वाढू शकतो. म्हणून पूर्णपणे बरे वाटत असताना, किमान दोन आठवड्यांच्या अंतराने तो पुन्हा पाहावा लागतो. उलट बाजूही ध्यानात ठेवायला हवी. ल्यूपसमध्ये सांधे आणि त्वचा यांत सक्रिय आजार असतानाही सीआरपी पुष्कळदा सामान्य राहते, आणि मणक्याच्या दाहजन्य विकारांतही तसे घडते. ईएसआर ही रक्तपेशी तळाशी बसण्याचा वेग मोजणारी, दाहासाठीची जुनी चाचणी तर वय, रक्तक्षय आणि गर्भावस्था यांनीही वाढते. आकडा वाढलेला असला म्हणून आजार सिद्ध होत नाही आणि तो सामान्य असला म्हणून आजार नाकारताही येत नाही. निर्णय हकिकत आणि प्रत्यक्ष तपासणी यांवरच घ्यावा लागतो.

तुमच्या हकिकतीत मला सर्वांत जास्त खुपते ते सकाळचे आखडणे, आणि नेमके त्याच्याकडेच सल्ला देणाऱ्याने दुर्लक्ष केलेले दिसते. म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते.

सांधे आखडण्याची तक्रार सांगणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते की ते आखडणे किती वेळ टिकते. पाच-दहा मिनिटांत हात मोकळे होत असतील, तर झीज, वापराचा ताण किंवा अपुरी झोप यांची शक्यता जास्त असते. अर्ध्या तासाहून अधिक, आणि विशेषतः तासभर टिकत असेल, तर दाहजन्य संधिवाताचा विचार गांभीर्याने करावा लागतो. दुसरा प्रश्न असा की हालचालीने बरे वाटते की विश्रांतीने. दाहजन्य दुखणे विश्रांतीनंतर वाढते आणि वापराने सैल होते. झिजेचे दुखणे साधारणपणे याच्या उलट वागते. नंतर मी हात हातात घेऊन पाहते. बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांची रांग दोन्ही बाजूंनी हलकेच दाबली आणि वेदना झाली, तर ती खूण मोलाची असते. तुम्ही स्वतः घरी पाहू शकाल अशी गोष्ट म्हणजे अंगठी पूर्वीसारखी सरकते का, मूठ पूर्ण वळते का, आणि मधल्या सांध्यांवरच्या सुरकुत्या सुजेमुळे पुसट झाल्या आहेत का.

याखेरीज मी असे प्रश्न विचारते, जे रुग्णाला अनेकदा विषयाशी असंबद्ध वाटतात. डोक्याच्या त्वचेवर, कोपरांवर किंवा बेंबीत खवलेदार चट्टे आहेत का, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसतात का, कारण सोरायसिसचा संधिवात कधी कधी नखांवरूनच ओळखू येतो. डोळा कधी लाल होऊन प्रकाश सहन होईनासा झाला होता का. पहाटे पाठदुखीने जाग येते आणि उठून फिरल्यावर ती कमी होते का. शौचावाटे रक्त जाते का, रात्री जुलाबाने उठावे लागते का. तोंडात वारंवार व्रण, उन्हाने चेहऱ्यावर उठणारे चट्टे, थंडीत पांढरी पडणारी बोटे, कोरडे पडणारे डोळे यांपैकी काही आहे का. जवळच्या नातेवाइकांत यातला कुठला आजार आहे का. यांपैकी एखाद्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर तो धागा सीआरपीच्या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक सांगून जातो.

गरज वाटली तर ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्तचाचण्या करतात. पहिली चाचणी निरोगी वयस्कर माणसांत आणि हिपॅटायटिस सी सारख्या संसर्गातही होकारार्थी येऊ शकते. दुसरी आमवाताच्या बाबतीत बरीच नेमकी आहे. दोन्ही नकारार्थी असूनही आमवात असू शकतो. सुरुवातीच्या महिन्यांत एक्स-रे सामान्य दिसतो, म्हणून शंका असेल तर सांध्यांची सोनोग्राफी उपयोगी पडते.

या घाईमागचे कारण असे, की आमवातात सांध्याची हानी पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच होऊ लागते आणि झिजलेले हाड पूर्ववत होत नाही. योग्य औषध लवकर सुरू झाले तर आजार पूर्ण आटोक्यात येण्याची शक्यता पुष्कळच वाढते. आठवड्यातून एकदाच घ्यायचे मेथोट्रेक्सेट हे आजही या उपचाराचा कणा आहे, आणि ते पुरेसे पडले नाही तर टीएनएफसारखे विशिष्ट रेणू रोखणारी जैविक औषधे आहेत, जी सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयरोगाची तपासणी करावीच लागते. आहारात बदल करून सहा महिने वाट पाहायची आणि मग डॉक्टरांकडे जायचे, हा क्रम अशा रुग्णाला फार महागात पडतो. तुम्हाला हा आजार आहे असे मी म्हणत नाही. तो नाही हे कुणी तरी हात तपासून सांगितलेले असावे, एवढाच माझा आग्रह आहे.

संसर्गाची शक्यता थोडक्यात सांगते. सायंकाळचा बारीक ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, प्रयत्न न करता घटणारे वजन, न जाणारा खोकला किंवा वाढलेल्या गाठी यांपैकी काही असेल, तर क्षयरोगासह इतर संसर्ग आणि क्वचित कर्करोग यांचा शोध त्वरित घ्यावा, आणि तो पूर्ण होईपर्यंत दाह दाबणारे कोणतेही औषध घेऊ नये. असे काही नसेल तर किमान दंतवैद्याकडे एकदा जाऊन या. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येणे बहुतेक जण सामान्य समजतात, पण हिरड्यांचा जुना आजार हा शरीरातल्या दाहाच्या सर्वांत दुर्लक्षित उगमांपैकी एक आहे. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना बळ देतात, आणि मधुमेही रुग्णांत हिरड्यांवर योग्य उपचार केल्यास रक्तातील साखरेच्या नियंत्रणातही माफक सुधारणा दिसते.

वरील दोन्ही शक्यता मागे पडल्या, तर वाढलेला घेर आणि ३ ते १० दरम्यानचे सीआरपी या जोडीचा अर्थ बहुधा चयापचयाशी निगडित मंद दाह असा होतो. पोटाचा घेर पाहता तुमच्या बाबतीत याचा वाटा असण्याची शक्यता बरीच आहे, आणि तो सांध्यांच्या आजारासोबतही असू शकतो. इथे उपाशीपोटीची साखर आणि गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी, कोलेस्टेरॉल, यकृताच्या चाचण्या आणि रक्तदाब हे पाहणे सीआरपी पुन्हा पुन्हा मोजण्यापेक्षा जास्त उपयोगी आहे. तुम्ही घोरता का, झोपेत श्वास अडतो असे कुणी सांगितले आहे का, हेही विचारायला हवे. झोपेत श्वास अडण्याच्या विकाराने रक्तातील प्राणवायू वारंवार घटतो, झोप तुटते, दिवसभर थकवा राहतो आणि वजन कमी करणे कठीण होते.

थकव्याविषयी एक वेगळी सूचना. थकवा आहे आणि सीआरपी वाढले आहे, म्हणून एकामुळे दुसरे घडले असे धरून चालू नये. रक्तक्षय, लोहाची कमतरता, थायरॉइडची मंद गती, नैराश्य, रजोनिवृत्तीच्या आसपासचे बदल आणि काही औषधे यांपैकी कोणतेही कारण थकव्याला पुरेसे असू शकते आणि यातल्या बहुतेकांवर सरळ उपचार आहेत. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन हे दाहातही वाढते, त्यामुळे सीआरपी वाढलेले असताना फेरिटिन सामान्य आले तरी लोह कमी असू शकते. हा बारकावा अहवाल वाचणाऱ्याने विसरू नये.

आता ‘काय करावे’ या भागाकडे येते, आणि तेही माझ्या लेखी महत्त्वाच्या क्रमाने.

तुम्ही धूम्रपान करत असाल किंवा तंबाखू कोणत्याही स्वरूपात घेत असाल, तर तो थांबवण्याइतका परिणामकारक दुसरा उपाय नाही. तंबाखूचा धूर आमवात होण्याची शक्यता वाढवतो आणि झालेल्या आजारावर औषधांचा परिणामही कमी करतो. त्यानंतर कंबरेचा घेर. शरीराच्या वजनातील ५ ते १० टक्के घट झाली तरी सीआरपी, साखर आणि यकृतातील चरबी यांत मोजता येईल असा फरक पडतो. त्यासाठी आदर्श वजन गाठावे लागत नाही. ही घट कोणत्या आहारपद्धतीने झाली यापेक्षा ती टिकली की नाही, हे जास्त महत्त्वाचे ठरते.

व्यायामाविषयी लोकांच्या मनात एक रास्त शंका असते की दुखत असताना हालचाल केली तर दाह वाढेल. प्रत्यक्षात काम करणारे स्नायूही इंटरल्यूकिन-६ सोडतात, पण ते अल्पकाळ असते आणि त्याच्या मागोमाग इंटरल्यूकिन-१० सारखे दाह शमवणारे रेणू वाढतात. म्हणूनच वजनात फारसा फरक पडला नाही तरी नियमित व्यायामाचा फायदा होतो. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम हे जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेले प्रमाण आहे. ज्याने वर्षभर काही केलेले नाही त्याने दहा मिनिटांच्या चालण्यापासून सुरुवात करावी. एखादा सांधा प्रत्यक्ष सुजलेला आणि गरम असेल, तर तो सुजलेला असेपर्यंत त्यावर भार देऊ नये, बाकीचे शरीर मात्र हलते ठेवावे. झोप सात तासांहून कमी होत असेल, तर ती वाढवणे हा उपचाराचाच भाग आहे. ताणाविषयी मी मोठी आश्वासने देत नाही, परंतु ज्या रुग्णांची झोप आणि दैनंदिन ताण सुधारतो त्यांच्या वेदना सहसा सौम्य होतात, असा माझा अनुभव आहे.

आहाराविषयी तुमची सर्वाधिक अपेक्षा आहे आणि तिथेच सर्वाधिक गैरसमजही आहेत. कोणताही एक पदार्थ सोडून जुनाट दाह जात नाही. ग्लुटेन टाळण्याची निर्विवाद गरज सिलिॲक आजारात असते, ज्यात ग्लुटेनमुळे आतड्याच्या अस्तराला इजा होते. तुम्ही ते सहा आठवड्यांपासून सोडलेले असल्याने एक अडचण निर्माण झाली आहे: सिलिॲकची रक्तचाचणी ग्लुटेन खाणाऱ्या माणसातच विश्वासार्ह असते, आणि ते सोडल्यावर ती खोटी नकारार्थी येऊ शकते. पोट फुगणे, जुलाब, रक्तक्षय अशी तक्रार असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे ग्लुटेन पुन्हा सुरू करून मगच ही चाचणी करावी. दुग्धजन्य पदार्थांबाबत बोलायचे, तर ते पचत असतील आणि ॲलर्जी नसेल तर त्यांनी सर्वसाधारण माणसात दाह वाढतो याला आधार नाही. तुमच्या वयात ते बंद करून कॅल्शियमची दुसरी सोय न करणे मला अधिक काळजीचे वाटते.

उपयोग होतो तो आहाराच्या एकूण घडणीचा. भाज्या, फळे, कडधान्ये, अख्खी धान्ये, कठीण कवचाची फळे, असंतृप्त तेले आणि चालत असल्यास तेलकट मासे यांचा वाटा वाढवणे, आणि साखरयुक्त पेये, प्रक्रिया केलेले मांस, ट्रान्स फॅट व अतिप्रक्रिया केलेले पदार्थ कमी करणे, ही ती घडण. तंतुमय पदार्थांपासून मोठ्या आतड्यातील जिवाणू ब्यूटिरेटसारखी आम्ले तयार करतात, ती आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात आणि रोगप्रतिकारक पेशींना शांत ठेवण्यास मदत करतात. वगळलेल्या पदार्थांची यादी लांबत गेली की नेमके हे तंतू आणि प्रथिनेच कमी पडू लागतात, ही अशा आहारक्रमांची मोठी त्रुटी आहे.

कॅप्सूलबाबत मी स्पष्टपणे लिहिते. मासळीच्या तेलातील ओमेगा-३ ने आमवातात वेदनाशामकांची गरज थोडी कमी होऊ शकते, पण ती मात्रा मोठी असते आणि मोठ्या मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. हळदीतले कर्क्युमिन शरीरात अत्यल्प शोषले जाते, म्हणून त्यात काळ्या मिरीतले पिपेरिन मिसळून शोषण वाढवतात. अशा तीव्र कॅप्सूलमुळे यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी अनेक ठिकाणी झाल्या आहेत. कॅप्सूल सुरू केल्यावर लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे किंवा भूक मरणे असे काही घडले, तर ती तात्काळ थांबवून यकृताची तपासणी करावी. ड जीवनसत्त्वाबाबत व्हायटल या चाचणीत २५,८७१ व्यक्तींचा सुमारे पाच वर्षे पाठपुरावा झाला, आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत रोज २००० युनिट घेणाऱ्यांत नव्याने स्वयंप्रतिकार आजार होण्याचे प्रमाण सुमारे २२ टक्क्यांनी कमी दिसले. हा निष्कर्ष आशादायक आहे, मात्र तो आजार टाळण्याविषयीचा आहे, असलेला आजार बरा करण्याविषयीचा नाही.

ज्या कॅप्सूलवर घटकांची मात्रा लिहिलेली नाही आणि ज्या दोन दिवसांत जादूसारखा आराम देतात, त्यांच्यापासून दूर राहा. सांधेदुखीसाठी ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत छुपे स्टेरॉइड किंवा वेदनाशामक सापडल्याचे इशारे औषध नियामकांनी दिलेले आहेत. स्टेरॉइडचा तात्पुरता परिणाम खरोखर थक्क करणारा असतो. १९४८ साली फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले तेव्हा काही दिवसांत ती व्यक्ती चालू लागली, आणि १९५० साली त्या कामाला नोबेल पारितोषिकही मिळाले. दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होणे, मधुमेह, मोतीबिंदू आणि संसर्ग हे परिणाम त्यानंतर लवकरच दिसून आले. असे औषध नकळत काही महिने घेतले गेले असेल, तर ते एकदम बंद करणेही धोक्याचे असते, कारण शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींनी आपले काम थांबवलेले असते. तुम्ही घेतलेली प्रत्येक कॅप्सूल डॉक्टरांना नेऊन दाखवा.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे वेदना कमी करतात, पण मंद दाहावरचा दीर्घकालीन उपाय म्हणून ती घेऊ नयेत. जठरात व्रण, मूत्रपिंडावर ताण, वाढता रक्तदाब आणि हृदयविकाराची जोखीम ही त्यांची किंमत आहे. हृदयाची जोखीम जास्त असणाऱ्यांसाठी स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे हा वेगळा विषय आहे. २००८ सालच्या ज्युपिटर चाचणीत कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नसले तरी एचएस-सीआरपी २ किंवा अधिक असणाऱ्या वयस्क व्यक्तींना रोसुव्हास्टॅटिनचा ठळक फायदा झाला. त्या चाचणीतले पुरुष ५० वर्षांच्या आणि स्त्रिया ६० वर्षांच्या पुढच्या होत्या, त्यामुळे तुमच्या वयाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. वय, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि कौटुंबिक इतिहास एकत्र पाहून तुमचे डॉक्टर ठरवतील. कमी मात्रेतील कोल्चिसिन या दाह कमी करणाऱ्या जुन्या औषधाचा फायदा हृदयरुग्णांच्या काही मोठ्या चाचण्यांत दिसला, तर २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसला नाही. तुमच्यासारख्या व्यक्तीने ते स्वतःहून घेण्याचे काहीच कारण नाही.

‘तो पूर्णपणे जाईल का’ या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर उगमावर अवलंबून आहे. हिरड्यांचा किंवा अन्य संसर्ग असेल तर उपचारानंतर तो जातो. वजन, झोप आणि तंबाखू यांच्याशी निगडित असेल तर तो बराच ओसरतो आणि सवयी टिकल्या तर ओसरलेला राहतो. स्वयंप्रतिकार आजार असेल तर बहुतेकांना दीर्घकाळ औषधे लागतात, पण नियमित उपचाराने सांधे शाबूत ठेवून सामान्य जीवन जगणारे माझे अनेक रुग्ण आहेत.

तुमच्या जागी मी असते, तर चारही कॅप्सूल थांबवल्या असत्या, अहवालावरचे एकक पाहिले असते आणि येत्या आठवड्याभरात सकाळी किती मिनिटे बोटे आखडलेली राहतात ते रोज लिहून ठेवले असते. सांधा सुजलेला दिसत असेल तेव्हा त्याचे छायाचित्र काढून ठेवा, कारण डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत सूज पुष्कळदा उतरलेली असते. तोवर वेदनाशामक अगदी आवश्यक वाटले तरच घ्या आणि स्टेरॉइड मुळीच घेऊ नका. त्याने तपासणीत दिसायला हवी ती सूज झाकली जाते. ही नोंद घेऊन फिजिशियन किंवा संधिवाततज्ज्ञांकडे जा, सीआरपी दोन-तीन आठवड्यांनी एकदा पुन्हा करा, आणि सांधे निर्दोष निघाले तर कंबरेचा घेर, साखर व रक्तदाब यांच्यासोबत ते पुढे तीन ते सहा महिन्यांनीच मोजा. आखडणे अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल किंवा एक जरी सांधा स्पष्ट सुजलेला असेल, तर दोन-तीन आठवडेही थांबू नका, याच आठवड्यात हात दाखवून घ्या.